माझ्या घरासमोरचे तीस फूट : पिट्सबर्गच्या नगरसेवकांना खुलं पत्र

पिट्सबर्ग सिटी कौन्सिलच्या नऊही सदस्यांना,

स.न.वि.वि.

दर मंगळवारी सकाळी दहाला ग्रँट स्ट्रीटवरच्या सिटी-काउंटी बिल्डिंगमध्ये तुमची बैठक असते. नाव नोंदवलं की तीन मिनिटं बोलता येतं. गेल्या हिवाळ्यानंतर मी एकदा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो होतो. नमस्कार, पत्ता आणि प्रस्तावना यांतच माझी अडीच मिनिटं गेली. मुद्द्याला हात घालेपर्यंत वेळ संपला. त्यात तुमची काही चूक नाही. लग्नाची बैठक असो की सोसायटीची मीटिंग, आम्हाला प्रस्तावनेशिवाय बोलताच येत नाही. तेव्हा शहरातले फूटपाथ आणि जिने यांविषयी जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितो आहे. इंग्रजी प्रत तुमच्याकडे येईलच, पण ती जरा जास्तच सभ्य झाली आहे. शिवाय या शहरात ओकलंडमधल्या विद्यार्थ्यांपासून स्क्विरल हिल, ग्रीनफील्डमधल्या घरमालकांपर्यंत बरीच मराठी मंडळी राहतात. 'आपण कशाला बोला' म्हणून ती गप्प असतात, त्यांनीही हे वाचावं.

आधी माझा गुन्हा कबूल करतो.

फेब्रुवारीतली गोष्ट. रात्रभर स्नो पडला, पाचेक इंच असेल. मला सहाला निघायचं होतं. फावडं तळघरात, स्नो वितळवायच्या मिठाची पिशवी गाडीच्या डिकीत, आणि गाडी स्नोखाली. म्हटलं, संध्याकाळी काढू. शहराचा नियमही तसाच आहे : पडायचा थांबल्यापासून २४ तासांत घरासमोरचा फूटपाथ मोकळा करायचा. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी निर्दोषच होतो. दुपारी पोस्टमन आला. दारावरच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं. एका हातात पाकिटांचा गठ्ठा, आणि पाय सरकल्यावर दुसरा हात हवेत काहीतरी शोधतो आहे. धरायला कठडा नव्हता. तो कोपरावर पडला. उठला, पँट झटकली, विखुरलेली पाकिटं एकेक करून वेचली, वर चढून आमच्या पेटीत टाकली आणि पेटीचं झाकण नीट लावून गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठून माफी मागितली. तो म्हणाला, "जरा स्लिपी होतं." निसरड्याला पिट्सबर्गमध्ये 'स्लिपी' म्हणतात, हे मी इथे आल्यावरच शिकलो. त्याने ते इतक्या सहज सांगितलं की मला अजूनच ओशाळल्यासारखं झालं. त्या पाकिटांत एक माझं विजेचं बिल होतं आणि बाकी सगळ्या पिझ्झाच्या जाहिराती.

या प्रसंगानंतर मला पहिल्यांदा नीट कळलं की माझ्या घरासमोरच्या तीस फुटांचा मीच महापौर, मीच सफाई खातं आणि मीच बांधकाम खातं आहे. स्नो मी काढायचा. फरशी फुटली तर मी बसवायची. झाडाच्या मुळाने सिमेंट उचललं तरी बिल मलाच. असे माझ्यासारखे हजारो हौशी महापौर या शहरात आहेत. कोणी फ्लोरिडाला गेलेला असतो, कोणी पंच्याऐंशी वर्षांचा असतो, कोणाचं घर रिकामं पडून मालक कुठे आहे याचा पत्ता नसतो, आणि कोणी माझ्यासारखा सहाला निघालेला असतो. फूटपाथ मात्र सलग लागतो. दहा घरांपैकी नऊ घरांसमोर मीठ टाकलेलं असलं, तरी चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला दहाव्या घरापाशी रस्त्यावर उतरावंच लागतं.

मी पुण्यात वाढलो. तिथले फूटपाथ आदर्श आहेत असं सांगण्याचा माझा अजिबात विचार नाही. तिथे फूटपाथवर चालताना मागून स्कूटरचा हॉर्न वाजतो. पण पुण्यात फूटपाथ महापालिकेचा असतो. त्यामुळे शिव्या कोणाला घालायच्या हे माहीत असतं. वॉर्ड ऑफिसात जाऊन टेबल बडवता येतं. इथे टेबल बडवायचं तर स्वयंपाकघरातलं.

बरं, मालकीचा हा घोळ किती सुंदर आहे बघा. आमच्या कोपऱ्यावरचा बस स्टॉप घ्या. बस काउंटीभरच्या पिट्सबर्ग रीजनल ट्रान्झिटची. बस ज्या रस्त्यावरून येते तो शहराचा. काही मोठे रस्ते तर राज्याच्या खात्याचे. बससाठी जिथे उभं राहायचं ती फरशी मात्र कोपऱ्यावर राहणाऱ्या एका विधवा आजींची जबाबदारी, आणि कोपऱ्यावरचं घर म्हणून त्यांना दोन्ही बाजू साफ कराव्या लागतात. स्नोप्लाऊ येतो, रस्ता साफ करतो आणि सगळा ढीग नेमका त्यांच्या कोपऱ्यावर लोटून जातो. मग बसला जाणारे लोक त्या ढिगावरून चढून पलीकडे उतरतात. आमच्याकडचा तो हिवाळी गिरिभ्रमणाचा प्रकार.

याउलट पार्किंग बघा. ज्याने फावड्याने आपल्या गाडीभोवतीचा स्नो काढला, तो तिथे घरातली एक मोडकी खुर्ची ठेवून जातो. ती जागा त्याची. कायद्याने रस्ता सगळ्यांचा आहे, पण 'पार्किंग चेअर' हलवायची हिंमत पिट्सबर्गमध्ये कोणी करत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा आणि ही खुर्ची, दोन्हींमागचं तत्त्व एकच. म्हणजे जो रस्ता सार्वजनिक आहे त्यावर आम्ही खाजगी हक्क सांगतो, आणि फूटपाथ, जो सगळ्यांच्या चालण्यासाठी आहे, तो एकेकट्यावर सोडून दिलेला. गाडीसाठी पाऊण तास फावडं मारणारा माणूस फूटपाथसाठी दहा मिनिटं देत नाही, कारण त्याला स्वतःला गाडीपर्यंतच चालायचं असतं. मी त्याला दोष देत नाही. मी तेच करतो.

आता तुम्ही म्हणाल, पुलांचं बघायचं की याच्या फूटपाथचं. मीही पुलांकडेच येतो आहे.

२८ जानेवारी २०२२ च्या पहाटे फ्रिक पार्कमधला फर्न हॉलो पूल कोसळला. वर ६१बी ही लांबलचक जोडबस होती. काही जण जखमी झाले, कोणी दगावलं नाही हे नशीब. योगायोग असा की त्याच दिवशी अध्यक्ष बायडन पायाभूत सुविधांवर भाषण करायला पिट्सबर्गला येणार होते. जगभर बातमी झाली. माझ्या काकांनी कोल्हापुरातून फोन करून 'तुमच्या तिकडे पण?' असं विचारलं, आणि त्यांच्या आवाजात मला थोडा आनंद ऐकू आला. नवा पूल वर्षाच्या आत, डिसेंबर २०२२ मध्ये उभा राहिला, २.५ कोटी डॉलरच्या आसपास खर्चून. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं.

पण तो पडला कशामुळे? राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२४ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्या पुलाचं पोलाद असं होतं की त्यावर गंजाचा एक पातळ थर धरतो आणि तोच थर आतल्या धातूला सांभाळतो. अट एकच : ते ओलं झालं की वाळलं पाहिजे. पुलावरची पाणी जायची भोकं पाल्यापाचोळ्याने आणि कचऱ्याने तुंबली. मिठाचं पाणी पायांवर ओघळत राहिलं, पाय वाळलेच नाहीत, आणि राखणारा गंज खाणारा गंज झाला. २०११ पासून त्या पुलाची नोंद 'वाईट' या वर्गात होती. तपासणीचे अहवाल येत होते, त्यांत साफसफाई आणि दुरुस्ती करा असं पुन्हा पुन्हा लिहून येत होतं, आणि ते काम झालं नाही. एका झाडूचं आणि एका फावड्याचं काम.

त्याच्याही आधी आमच्या ग्रीनफील्डचा पूल होता. १९२० च्या दशकातला. त्याच्या सिमेंटचे तुकडे खालच्या हायवेवर पडायला लागले, तेव्हा २००३ मध्ये ते झेलायला पुलाखाली दुसरा पूल बांधला गेला. माझ्याकडे पुण्याहून पाहुणे आले की मी त्यांना हे सांगायचो आणि ते मला थापाड्या समजायचे. शेवटी २८ डिसेंबर २०१५ ला सुरुंग लावून तो पाडला आणि २०१७ मध्ये नवा झाला. नव्या पुलाच्या फिती कापताना गर्दी असते. भोकातला पाचोळा काढणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही. तुम्ही निवडून येणारी माणसं, तुम्हाला फोटो लागतात, हे मी समजू शकतो. तरी सांगतो, फूटपाथ आणि जिने ही शंभर टक्के पाचोळ्याची कामं आहेत, आणि म्हणूनच ती मागे पडतात.

जिन्यांविषयी जरा सविस्तर लिहू द्या, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

पिट्सबर्गमध्ये ८०० च्या आसपास सार्वजनिक जिने आहेत. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही शहरात इतके नाहीत. कोणी तरी हे सगळे चढउतार मोजले आहेत, आणि ते एकावर एक रचले तर २४,००० फुटांच्या वर जातात. म्हणजे जवळजवळ साडेचार कळसूबाई. पोलादाचे कारखाने नदीकाठच्या सपाटीवर, कामगारांची घरं टेकडीवर. पाळी बदलली की माणसं टेकडीवरून उतरायची, दुसरी चढायची. त्यासाठी आधी लाकडी आणि मग सिमेंटचे जिने झाले. यातले बरेच नकाशावर चक्क रस्ते आहेत. आमच्या गल्लीच्या टोकाचा जिनाही तसाच. त्याला इतर रस्त्यांसारखीच नावाची पाटी आहे, आणि नकाशाच्या ॲपवर विसंबलेला एखादा डिलिव्हरीवाला महिन्यातून एकदा तिथे येऊन गाडी थांबवतो आणि ६८ पायऱ्यांकडे हताशपणे बघतो.

या जिन्यावर माझी आई दोन उन्हाळे रोज चढली. ती सत्तरीची, पण पर्वतीच्या १०३ पायऱ्या आठवड्यातून तीनदा चढणारी, त्यामुळे तिला याचं काही वाटलं नाही. जिन्याचं तिने पहिल्याच दिवशी निदान केलं. कठडा धरून हलवला आणि म्हणाली, "बुडातून गेलाय." खरंच तसं होतं. कठड्याचा लोखंडी खांब सिमेंटमध्ये जिथे शिरतो तिथे पाणी साचतं. लोखंड गंजून फुगतं, सिमेंटला तडा जातो, तड्यात पाणी जातं, रात्री गोठतं आणि तडा आणखी रुंद होतो. दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं हे इथे एका हिवाळ्यात कितीतरी वेळा होतं. वरून रंग मारलेला असला की दिसत नाही. हात लावला की कळतं. तिसऱ्या वर्षी ती एप्रिलमध्ये आली, अवेळी स्नो पडला, आणि ती आठ दिवस घरात बसून राहिली. जिन्यावर तेव्हा फक्त आमच्या शेजाऱ्यांनी, निवृत्त सुतार आहेत ते, स्वतःहून एक फावड्याएवढी वाट काढली होती.

२०१७ मध्ये शहराने जिन्यांचा आराखडा केला. कुठला जिना शाळेला जोडतो, कुठला बसला, कुठे दुसरी वाट नाही, असं बघून क्रम लावला. चांगलं काम होतं, मी वाचलं आहे. पण आराखड्यात मुख्यतः जिने नव्याने बांधायचा क्रम असतो. एक जिना नव्याने बांधायला जेवढा पैसा लागतो, तेवढ्यात किती जिन्यांच्या कठड्यांचे बूड, मोऱ्या आणि गवत वर्षानुवर्षं सांभाळता येतील, हा हिशेब मला अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर छापलेला बघायचा आहे. रस्त्याला डांबर घालायचा खर्च जसा दरवर्षी गृहीत धरता, तसाच. कायद्याने रस्ता आहे ना तो?

हे सगळं महाग आहे याची मला कल्पना आहे. १९५० मध्ये या शहरात ६,७६,८०६ माणसं होती. २०२० च्या जनगणनेत ३,०२,९७१ भरली. निम्म्याहूनही कमी खांद्यांवर तेवढेच पूल, तेवढेच जिने, तेवढ्याच टेकड्या. २००३ पासून २०१८ पर्यंत शहर राज्याच्या आर्थिक देखरेखीखाली होतं. शिवाय रुग्णालयं आणि विद्यापीठं यांच्या मोठमोठ्या जागांना मालमत्ता कर लागू नाही, आणि आमच्यातले अर्धे लोक पोटापाण्याला तिथेच आहेत, मीही. तेव्हा 'शहराने करावं' असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. पैसे द्यायला मी तयार आहे. फक्त मला फावडं आणि गवंडी यांच्याऐवजी पैसे देऊ द्या.

न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजने हेच केलं. तिथे वर्षाला १०० इंचांहून जास्त स्नो पडतो, आपल्याकडे त्याच्या निम्माही नाही. २०२१ मध्ये त्या शहराने फूटपाथच्या दुरुस्तीची जबाबदारी घरमालकांकडून स्वतःकडे घेतली. घरामागे पहिल्या वर्षी २० डॉलर, मग टप्प्याटप्प्याने वाढवत १०० डॉलरपर्यंत शुल्क. एकट्या माणसाला चार फरश्या बदलायला काही हजार डॉलर लागतात, त्यापुढे हे काहीच नाही. डेन्व्हरमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनीच तसा कौल दिला. रॉचेस्टरमध्ये चार इंचांच्या वर स्नो झाला की शहराचे छोटे प्लाऊ फूटपाथवरूनही फिरतात, घरमालक उरलेलं बघतो. या तिन्ही गावांत स्वर्ग अवतरला नाही. रॉचेस्टरच्या मित्राला विचारलं, तर तो म्हणतो प्लाऊ त्याचं गवत उखडून जातो. पण तो तक्रार करतो तेव्हा फोन उचलणारं कोणीतरी असतं.

शुल्क लावताना एक खड्डा आहे, तो आधीच दाखवतो. पावसाच्या पाण्याचं शुल्क आपण २०२२ पासून भरतोच. छत आणि काँक्रीट जितकं जास्त तितकं ते जास्त. असं शुल्क करमुक्त संस्थांनाही लागतं, हा त्याचा फायदा. मात्र आपल्याच राज्यातल्या वेस्ट चेस्टर गावाने तिथल्या सरकारी विद्यापीठाला असंच शुल्क लावलं, तेव्हा २०२३ मध्ये राज्याच्या कॉमनवेल्थ कोर्टाने तो करच असल्याचं, म्हणजे विद्यापीठाला लागू नसल्याचं म्हटलं. म्हणून फूटपाथच्या शुल्काचा मसुदा तुमच्या वकिलांनी पहिल्या दिवसापासून बघावा, शेवटच्या आठवड्यात नको.

आणि आपला भूगोलही मान्य करू. रॉचेस्टर सपाट आहे. आपल्याकडे बीचव्ह्यूमध्ये ३७ टक्के चढाची कँटन ॲव्हेन्यू आहे. तिथे फूटपाथचा प्लाऊ पाठवला तर तो आणायला दुसरा प्लाऊ पाठवावा लागेल. कित्येक ठिकाणी फूटपाथच्या मधोमध विजेचा खांब आहे. म्हणून सगळ्या नव्वद वस्त्यांत एकदम सुरू करा असं मी म्हणत नाही. एका प्रभागात, बस जिथून जाते त्या रस्त्यांवर, स्टॉपच्या दोन्ही बाजूंना आणि स्टॉपकडे उतरणाऱ्या जिन्यांवर दोन हिवाळे करून बघा. कोपऱ्यावरचा ढीग हा प्लाऊने केलेला असतो, तो प्लाऊवाल्यांनीच उचलावा, एवढं तर याच वर्षी होऊ शकेल. सध्या म्हाताऱ्या आणि अपंग रहिवाशांसाठी 'स्नो एंजल्स' नावाने स्वयंसेवक जोडून दिले जातात. ते भली माणसं आहेत, मीही दोनदा गेलो आहे. पण बसपर्यंत पोचायला देवदूत लागावा लागणं ही व्यवस्था नव्हे.

तुमच्याच सभागृहाचा एक जुना दाखला देतो. १९४१ मध्ये, भर दुपारी इथे रस्त्यावरचे दिवे लावावे लागत होते तेव्हा, याच कौन्सिलने धूरविरोधी कायदा केला. अब्राहम वोल्क नावाचे नगरसेवक त्यामागे हात धुवून लागले होते. युद्धामुळे अंमल लांबला. १९४६ मध्ये कारखान्यांना आणि १९४७ मध्ये घरांना तो लागू झाला. कोळशाच्या गावात घराघरातल्या भट्टीला हात घालायचा, तेही मतं मागायला पुन्हा त्याच दारात जायचं असताना! त्याच्यापुढे मी मागतो आहे ते म्हणजे कोपऱ्यावरचा ढीग आणि कठड्याचं बूड.

आणखी एक लहानशी विनंती. या विषयावर जेव्हा केव्हा सुनावणी घ्याल, ती संध्याकाळी सातनंतर घ्या, आणि बसने पोचता येईल अशा वस्तीत घ्या. मंगळवारी सकाळी दहाला ज्यांना येता येतं, त्यांतले बहुतेक गाडीने येतात.

कळावे, लोभ असावा.

ग्रीनफील्डमधला एक घरमालक

ता.क. : पार्किंग चेअर आमच्याकडेही आहे. निळी, प्लास्टिकची, एका पायाला सुतळी गुंडाळलेली. पोस्टमन पडला त्या दिवशी ती रस्त्यावर, अगदी जागच्या जागी होती.